नवे स्पीकर रुळवायचे कसे आणि त्यांच्यावर मत द्यायचं कधी

नवे स्पीकर आणले, आवाज जरा कोरडा वाटला आणि दुकानदाराला फोन केला, की ठरलेलं उत्तर येतं: "शंभर तास वाजू द्या साहेब, मग बोला." रोज दोन तास गाणी ऐकणाऱ्या माणसाचे शंभर तास म्हणजे पन्नास दिवस. ऑनलाइन घेतलेल्या मालाची परतीची मुदत मात्र बहुतेक वेळा सात-दहा दिवसांचीच असते. एकावन्नाव्या दिवशी आवाज पटला नाही तरी स्पीकर तुमच्याच गळ्यात.

स्पीकर रुळतो, हे खरं आहे. पण तो रुळतो थोडा आणि रुळतो लवकर. त्यापुढे जो फरक ऐकू येतो, तो बराचसा आपल्या कानांचा आणि खोलीचा असतो. म्हणून पहिला आठवडा नुसती वाट बघण्यात घालवू नये. या दिवसांत दोष शोधायचे, जागा ठरवायची आणि मुदत संपायच्या आत निकाल लावायचा. इथे मी मुख्यतः शेल्फवर किंवा स्टँडवर ठेवायचे दोन लहान स्पीकर आणि एक साधा अ‍ॅम्प्लिफायर धरून चाललो आहे, कारण आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत तेच येतात. बाकीच्या उपकरणांचं पुढे थोडक्यात.

मुळात बदलतं काय?

स्पीकरचा कोन (cone), म्हणजे पुढे-मागे हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा, दोन ठिकाणी धरलेला असतो. बाहेरच्या कडेला रबराची, फोमची किंवा कापडाची गोल वळी दिसते, ती सराउंड. आत चुंबकाजवळ एक नालीदार चकती असते, बहुधा पिवळसर किंवा तपकिरी. ती समोरून दिसत नाही. तिला स्पायडर म्हणतात. कापड राळेत भिजवून, गरम साच्यात दाबून ती बनवतात. नवी असताना राळेमुळे ती ताठ असते. कोन चांगला पुढे-मागे हलायला लागला की धाग्यांमधले राळेचे बारीक बंध सुटतात, चकती सैल पडते आणि वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या कोनाच्या भागाची, नैसर्गिक कंपनसंख्या खाली येते. घरी स्पीकर बांधणारे हौशी लोक म्हणूनच थील आणि स्मॉल यांच्या नावाने ओळखली जाणारी मापं घेण्याआधी वूफर थोडा वेळ हलवून घेतात. यातला मोठा बदल पहिल्या काही मिनिटांत ते काही तासांत होऊन जातो.

नवी पुडी चढवलेला तबला पहिल्या काही बैठकांत सूर सोडतो, हे ज्याला माहीत आहे त्याला स्पीकरचंही तसंच असणार हे सहज पटतं. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. ते आकड्यांत पाहू.

समजा, एका वूफरची कंपनसंख्या नवी असताना ६० हर्ट्झ आहे आणि रुळल्यावर ती ५४ झाली. दहा टक्के घट, म्हणजे चांगलीच. पण वूफर उघडा वाजत नाही, तो डब्यात असतो, आणि डब्यातली बंद हवा स्वतःच स्प्रिंगसारखी वागते. दहा लिटरचा बंद डबा घ्या आणि वूफरचा ताठपणा सुरुवातीला पंधरा लिटर हवेइतका धरा. अशा डब्यात बसवल्यावर नव्या वूफरची कंपनसंख्या ९५ हर्ट्झच्या आसपास येते आणि रुळलेल्याची ९१च्या आसपास. म्हणजे वूफरमधला दहा टक्क्यांचा बदल डब्यातून बाहेर येताना चार टक्क्यांवर आला. हार्मोनियमवर शेजारच्या काळी-पांढरीत सुमारे सहा टक्क्यांचं अंतर असतं. हा फरक त्याहूनही कमी.

वरचे सूर वाजवणारा लहान ट्वीटर तर हलतोच इतका कमी, की त्याचं रुळणं नगण्य. "पहिल्या दिवशी ट्वीटर टोचत होता, महिन्याने मऊ झाला" असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारतो, मधल्या काळात खोलीत पडदे लावले का?

पहिला दिवस: खोका, तारीख आणि दोषांची झडती

खोका, थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या जपून ठेवा. सीरियल नंबरचा फोटो काढा. परतीची शेवटची तारीख कॅलेंडरवर टाका आणि त्याच्या दोन दिवस आधीची तारीख स्वतःसाठी "निकाल" म्हणून लिहा. उपकरण एसीच्या गारव्यातून दमट खोलीत आलं असेल, तर तासाभराने वीज द्या. आत ओलावा धरलेला असू शकतो.

मग झडती. इथे घाई करू नये, कारण रुळवून बरा न होणारा दोष याच दिवशी पकडायचा असतो. कोन घासल्याचा खरखराट, एका स्पीकरचा आवाज दुसऱ्यापेक्षा दबलेला असणं, गाणं बंद असताना सतत येणारी घुंगुंग, ठरावीक सुरावर येणारी थरथर, यातलं काहीही शंभर तासांनी जात नाही. "वाजवून जाईल" असं कुणी सांगितलं तर ते लेखी मागा.

पहिली तपासणी तारांची. दोन्ही स्पीकरच्या तारा एकाच दिशेने जोडल्या आहेत का? एका स्पीकरची लाल-काळी उलटी झाली की दोन कोन एकमेकांच्या विरुद्ध हलतात, खालचा आवाज कापला जातो आणि गायक मध्ये न दिसता खोलीभर पसरतो. नव्या स्पीकरला "खर्जच नाही" अशी जी तक्रार होते, तिच्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. खात्री करायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा त्याच्यापासून सोडवा. लाल तारेचं टोक सेलच्या अधिक बाजूला धरा आणि काळ्या तारेचं टोक वजा बाजूला क्षणभर टेकवून लगेच काढा. टक् असा आवाज येईल आणि वूफरचा कोन किंचित पुढे सरकेल. जाळी काढून, टॉर्च तिरपा धरला तर ही हालचाल स्पष्ट दिसते. दोन्ही स्पीकरना हे करा. काही बनावटींत आतली जोडणी मुद्दाम उलटी असते, म्हणून कोन पुढे गेला की मागे, यापेक्षा दोघांचे कोन एकाच दिशेने गेले का, हे बघायचं.

दुसरी तपासणी सरकत्या सुराची. फोनवर सूर निर्माण करणारं एखादं मोफत अ‍ॅप घ्या आणि कमी आवाजात ४० हर्ट्झपासून ५०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू वर न्या. कुठे थरथरलं, तर तो आकडा लिहून ठेवा आणि आधी उठून खोलीत फिरा. शोकेसची काच, भिंतीवरची फ्रेम, दाराची सैल कडी, फ्रिजवर ठेवलेला स्टीलचा डबा, हे सगळे ठरावीक सुरावर गातात. थरथर होत असताना संशयित वस्तूवर हात ठेवा. थांबली तर चोर सापडला. सगळ्यांवर हात ठेवूनही थांबली नाही आणि कान स्पीकरजवळ नेल्यावर ती वाढली, तर तक्रार स्पीकरची.

डब्याला हवेचं भोक, म्हणजे पोर्ट असेल, तर २०-२५ हर्ट्झचा सूर मोठ्या आवाजात कधीही सोडू नका. पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो, त्याच्या खाली गेलं की हवेचा आधार सुटतो, कोन मोकाट हलतो आणि नवा कोरा वूफर पहिल्याच दिवशी फाटू शकतो.

पहिल्या दिवसाचा पुरावा

हे दहा मिनिटांचं काम बहुतेक लोक करत नाहीत आणि मग महिन्याने "खूप खुलला हो" असं आठवणीच्या भरवशावर सांगतात. आवाजाच्या बारकाव्यांची आठवण काही सेकंदांतच पुसट होते. पहिल्या दिवशीचा आवाज तिसाव्या दिवशी आठवतो असं वाटतं, पण आठवतं ते तेव्हाचं आपलं मत.

फोन ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर, तुम्ही बसता तिथे कानाच्या उंचीवर ठेवा. जागेवर चिकटपट्टीची खूण करा. रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची आणि गोंगाट गाळण्याची सोय असेल तर ती बंद करा. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये पिंक नॉइज तयार करता येतो. त्यात प्रत्येक सप्तकाला सारखी ऊर्जा असते. तो तीस सेकंद आणि एखाद्या गाण्याचा मिनिटभराचा तुकडा रेकॉर्ड करा. व्हॉल्यूमचा आकडा, खिडक्या उघड्या की बंद, पंखा बंद, हे सगळं टिपून ठेवा. फोनचा माइक अचूक नसतो, पण इथे त्याची तुलना त्याच्याशीच करायची असल्यामुळे चालतं. हौस असेल तर यूएसबीवर चालणारा मोजणीचा माइक आणि आरईडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम घ्या. मग आलेख एकावर एक ठेवून बघता येतात.

प्रत्यक्ष रुळवणं

यात गूढ काही नाही. पहिला तास मध्यम आवाजात गाणी लावा, मग पुढचे चार-सहा तास नेहमीपेक्षा थोड्या वरच्या आवाजात. रुळण्यासाठी कोन हलला पाहिजे, आणि कोन हलतो खालच्या सुरांनी. एक सप्तक खाली गेलं की तेवढाच मोठा आवाज काढायला कोनाला चौपट हलावं लागतं. त्यामुळे बातम्या किंवा बासरी रात्रभर लावून ठेवण्यापेक्षा ढोल-ताशा, पखवाज, डग्ग्याचा घुमारा किंवा बेस गिटार असलेलं संगीत तासभर वाजवलेलं जास्त उपयोगी.

आवाज फाटू लागेल इतका कधीही वाढवू नका. अ‍ॅम्प्लिफायर ताकदीबाहेर गेला की लहरींचे माथे कापले जातात, त्यातून वरच्या सुरांची जादा ऊर्जा तयार होते आणि आधी जातो तो ट्वीटर. "बर्न-इन"साठी, म्हणजे रुळवण्यासाठी, मोठ्या आवाजात व्हाइट नॉइज (सतत 'श्श्श' असा आवाज) सोडणं मला म्हणूनच पटत नाही. तो वरच्या टोकाला जड असतो.

फ्लॅटमध्ये शेजारी असतात आणि दुपारी झोपलेलं बाळही असतं. त्यावर जुनी युक्ती आहे. दोन्ही स्पीकर समोरासमोर, चार-सहा इंचांवर ठेवा. एका स्पीकरच्या लाल-काळी तारा मुद्दाम उलट्या जोडा, अ‍ॅम्प्लिफायर मोनोवर टाका (म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज जाईल) आणि स्पीकरवर जाड गोधडी घाला. एक कोन हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, खालचा आवाज एकमेकांना खातो, आणि कोन मात्र पूर्ण हलत राहतात. गोधडी अ‍ॅम्प्लिफायरवर येऊ देऊ नका, तो तापतो. काम झालं की तारा सरळ करायच्या आहेत, अशी चिठ्ठी स्पीकरवर चिकटवून ठेवा.

एवढ्याने वूफरचं रुळणं जवळजवळ पूर्ण होतं. पुढचं नेहमीच्या ऐकण्यात होत राहतं, त्यासाठी वेगळी वीज जाळायची गरज नाही. रुळवण्याचे खास ट्रॅक विकत मिळतात. त्या पैशांत एक सतरंजी घ्या.

सतरंजी कशासाठी

आपल्या खोल्यांत व्हिट्रिफाइड टाइल, सिमेंटच्या भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असतात. वरचे सूर या सगळ्यांवरून टणाटण परततात आणि नव्या स्पीकरवर "कर्कश" हा शिक्का बसतो. तुमच्या आणि स्पीकरच्या मध्ये जमिनीवर सतरंजी टाका, जाड असेल तर उत्तम. खिडकीला पडदा ओढा आणि तोच तुकडा पुन्हा ऐका. शंभर तासांनी पडणार नाही एवढा फरक पाच मिनिटांत पडलेला ऐकू येईल.

खालच्या सुरांचं गणित भिंतींशी आहे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि दहा फुटांच्या रुंदीत ५७ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो. काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळ असतो. म्हणजे त्याच्या खालचा जो गडगडाट तुम्ही स्पीकरच्या नावावर जमा करता, तो बराचसा खोलीचा असतो. कोपऱ्यात स्पीकर ठेवला की हे घुमणं आणखी वाढतं. मागच्या भिंतीचंही असंच. भिंतीवरून परतणारी लहर काही सुरांना खाऊन टाकते: कोन भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर १४० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, एक फुटावर आणला की तो २८०च्या आसपास सरकतो.

म्हणून पहिल्या आठवड्यातला सगळ्यात कामाचा उद्योग म्हणजे स्पीकर सरकवणं. ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा. दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमचं त्यांच्यापासूनचं अंतर साधारण सारखं ठेवा. मग भिंतीपासून दर वेळी चार बोटं पुढे घेत जा आणि प्रत्येक जागी एकाच गायकाचा एकच तुकडा ऐका. आवाज छातीतून येतोय की डब्यातून, हे लगेच कळतं. आवडलेल्या जागेची फरशीवर खूण करा. मात्र पहिल्या दिवशीच्या पुराव्याशी तुलना करायची असेल तेव्हा स्पीकर जुन्याच जागी परत न्या, नाहीतर तुम्ही खोली मोजाल आणि बदल स्पीकरचा म्हणाल.

कान रुळतात त्याचं काय

रॉबर्ट झायॉन्ट्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवलं, की एखादी गोष्ट वारंवार समोर आली एवढ्यानेच ती जास्त आवडू लागते. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर लोकांना एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआडून ऐकवले. दिसत असताना लोकांनी दिलेले गुण बदलले. पैसे मोजून आणलेली वस्तू दोन आठवड्यांनी गोड लागते, त्यात हा भाग मोठा आहे. त्यात गैर काही नाही, पण परतीचा निर्णय त्यावर घेऊ नये.

दुसरा खेळ आवाजाच्या पातळीचा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं, की कमी आवाजात आपल्याला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. म्हणजे व्हॉल्यूम थोडा वाढला की तोच स्पीकर भरदार वाटतो. जुन्या आणि नव्या स्पीकरची तुलना करताना दोन्हींवर पिंक नॉइज लावून, बसायच्या जागी फोनच्या अ‍ॅपने पातळी सारखी करून घ्या. दोन अ‍ॅम्प्लिफायर ताडायचे असतील तर अ‍ॅप पुरत नाही. स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावा, १०० हर्ट्झचा सूर वाजवा आणि व्होल्टेज एका टक्क्याच्या आत जुळवा. मग घरातल्या कुणाला तरी, तुम्हाला न सांगता, तारा बदलायला सांगा. अशा वेळी निम्मे वाद आपोआप मिटतात.

बाकीची उपकरणं

रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमध्ये सुईची दांडी एका बारीक रबरात बसवलेली असते, तिथे रुळणं खरं आहे. काही कंपन्या त्यासाठी काही तास सांगतात, ते मानावं. रबर थंडीत ताठ होतं, त्यामुळे डिसेंबरात नाशिकला सकाळी सकाळी निकाल देऊ नका. हेडफोनमध्ये पडदा थोडा रुळतो, पण खरा बदल कानावरच्या गाद्यांचा: त्या दबतात, कान पडद्याच्या जवळ येतो आणि कडेची हवा बंद होते. चष्म्याची काडी मध्ये आली तरी खर्ज गळतो.

ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर रुळत नाही, फक्त गरम होतो. वीस मिनिटं द्या. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरला अर्धा तास, आणि नव्या व्हॉल्व्हचं बायस (गाणं नसतानाही त्यातून वाहणाऱ्या विजेची जुळवणी) पहिल्या काही दिवसांत पुन्हा तपासून घ्या. तो चालू ठेवून घराबाहेर जाऊ नका. डॅकला (डिजिटल संगीताचा विद्युत लहरींत अनुवाद करणारं उपकरण) वाट बघण्यासारखं काही नसतं. केबलबद्दल बोलायचं तर तांब्याच्या तारेत रुळण्यासारखं काही नाही, आणि केबल "बर्न-इन" करून देण्याचे कुणी पैसे मागितले तर हसून पुढे जा.

एक अपवाद महत्त्वाचा. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर थेट २३० व्होल्टला लावू नका. त्याच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर पडून राहिल्याने क्षीण होतो. एकदम पूर्ण दाब आला तर कपॅसिटर फुटू शकतो. व्हेरिअ‍ॅकने व्होल्टेज हळूहळू चढवून तो थर पुन्हा घडवतात. हे घरी करायचं काम नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असं काम करणारे जुने हात विचारून शोधा. कोकणातून जुने स्पीकर घेत असाल तर फोमचं सराउंड बोटाने हलकेच दाबून बघा; दमट हवेत ते चिकट होऊन भुगा होतं.

निकालाचा दिवस

ठरवलेल्या तारखेला स्पीकर पहिल्या जागी ठेवून पहिल्या दिवसासारखंच रेकॉर्डिंग करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. मग स्पीकर खूण केलेल्या जागी नेऊन तीन गोष्टी ऐका. नुसता तानपुरा: जवारीचे पदर सुटे ऐकू येतात की एकमेकांत चिकटतात? भजनातला टाळ: त्याची किणकिण विरत जाते की नुसती 'चिस्स' होते? आणि ओळखीच्या माणसाचा बोलण्याचा आवाज, मोनोमध्ये: तो दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहतो का? हे तिन्ही जमलं आणि तरी मन रमत नसेल, तर तो रुचीचा प्रश्न आहे आणि रुळवून सुटणारा नाही. परत करायला तेवढं कारण पुरेसं आहे.

तक्रार दोषाची असेल तर "आवाज आवडला नाही" असं लिहू नका. कोणता स्पीकर, डावा की उजवा, किती हर्ट्झवर थरथर, डावा-उजवा स्पीकर एकमेकांच्या जागी नेऊन जोडल्यावर दोष त्याच स्पीकरबरोबर गेला का, हे लिहा आणि पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग जोडा. दोष आधीच्याच बाजूला राहिला, तर गुन्हेगार अ‍ॅम्प्लिफायर किंवा तार आहे. मग स्पीकर नाही, ते परत पाठवायचं. "शंभर तास वाजवा" असं उत्तर आलं, तर ते ईमेलवर घ्या आणि परतीची मुदतही तेवढीच वाढवून मागा.